गॅस्ट्रो, कावीळ, विषबाधा : रुग्ण वाढू लागले की नोंद कशी ठेवावी आणि कुठे कळवावे

नवी मुंबईतील आमच्या सोसायटीत काही वर्षांपूर्वी ऐन जुलैत गॅस्ट्रोचे रुग्ण निघू लागले, तेव्हा संस्थेचा सचिव या नात्याने मी केलेली पहिलीच गोष्ट चुकली. ‘बी’ विंगमधील चार घरांत जुलाब-उलट्या सुरू आहेत असे कळल्यावर मी व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘कोपऱ्यावरच्या गाडीवरची पाणीपुरी खाऊ नये’ असा संदेश टाकला आणि गप्प बसलो. पुढच्या पाच दिवसांत रुग्ण अकरा झाले. सहाव्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, सरकारी रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या ताई एक शाळकरी वही घेऊन दोन्ही विंगमधील घराघरांत गेल्या. ‘ए’ विंगमधील मुलांनीही तीच पाणीपुरी खाल्ली होती आणि त्यांच्यापैकी एकालाही काही झाले नव्हते, हे संध्याकाळपर्यंत वहीत आले. दोन विंगना टाक्या वेगवेगळ्या आहेत. दुसऱ्या दिवशी ‘बी’ विंगच्या जमिनीखालच्या टाकीचे झाकण उचलले, तेव्हा शेजारच्या तुंबलेल्या चेंबरचे पाणी भिंतीच्या चिरेतून आत पाझरताना डोळ्यांनी दिसले. गाडीवाल्याचा धंदा मात्र आठवडाभर बसला तो बसलाच.

त्या प्रकरणातून मी शिकलो ते एवढेच की साथीचा उगम शोधताना आजारी माणसांइतकीच, किंबहुना काकणभर जास्त, माहिती आजारी न पडलेल्यांकडे असते, आणि ती पहिल्या एक-दोन दिवसांत विचारली नाही तर विसरली जाते. ठाणे आणि नवी मुंबईतील सोसायट्या, चाळी, वसतिगृहे आणि मंडळे यांच्या पदाधिकाऱ्यांना प्रत्यक्ष करता येईल असे काम पुढे क्रमाने मांडले आहे.

पहिला तास

नोंदवहीच्या आधी रुग्ण. ज्या रुग्णाचे डोळे खोल गेले आहेत, जो सुस्त पडून आहे, ज्याला लघवी होत नाही, ज्याच्या शौचात रक्त आहे किंवा ज्याच्या पोटात पाणीही ठरत नाही, त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे आणि त्यासाठी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. लहान मूल, वृद्ध आणि गर्भवती स्त्री यांच्या बाबतीत वाट पाहू नये. इतरांना ओआरएस सुरू करावे. पाकीट ज्या मापाचे असेल तेवढ्याच पाण्यात ते पूर्ण विरघळवावे लागते. बाजारात एक लिटरची आणि २०० मिलीलिटरची अशी दोन्ही पाकिटे मिळतात आणि घाईत त्यांची गल्लत होते, म्हणून पाकिटावरची ओळ वाचून मगच भांडे घ्यावे. पाणी उकळून गार केलेले असावे.

त्यानंतर साथ आहे की नाही हे ठरवावे. एकाच जेवणानंतर किंवा एकाच ठिकाणचे पाणी पिऊन दोन किंवा अधिक माणसांना सारखाच त्रास झाला असेल तर तो उद्रेक समजून कामाला लागावे. कॉलऱ्याचा तर एकच निश्चित रुग्ण पुरतो. ‘पावसाळ्यात असे होतेच’ या वाक्याने आमच्याकडे पाच दिवस खाल्ले.

वहीत काय लिहावे

आरोग्य खात्यात ‘लाइन लिस्ट’ म्हणतात ती दुसरे काही नसून एका रुग्णाला एक ओळ दिलेली यादी असते. ओळ सुरू करण्यापूर्वी रुग्ण कोणाला म्हणायचे हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे, उदाहरणार्थ ‘अमुक तारखेपासून या आवारात राहणारी किंवा काम करणारी, २४ तासांत तीन किंवा अधिक वेळा पातळ जुलाब झालेली कोणतीही व्यक्ती’. ही व्याख्या नसेल तर एक जण अपचनाला रुग्ण म्हणतो, दुसरा फक्त सलाइन लागलेल्यालाच म्हणतो आणि यादीचा उपयोग संपतो. ‘काम करणारी’ हा शब्द मुद्दाम घातला आहे, कारण सुरक्षारक्षक, धुणीभांडी करणाऱ्या मावशी आणि बांधकामावरचे मजूर हे आवारातले पाणी पितात आणि यादीतून हमखास सुटतात.

प्रत्येक ओळीत नाव, वय, स्त्री की पुरुष, विंग व सदनिका, पहिले लक्षण कोणते, ते कोणत्या तारखेला आणि किती वाजता सुरू झाले, ताप आहे का, शौचात रक्त आहे का, पिण्याचे पाणी कुठले आणि ते कसे शुद्ध केले जाते, मागील तीन दिवसांत घराबाहेर किंवा समारंभात काय खाल्ले, कोणत्या डॉक्टरांना दाखवले आणि तपासणीचा नमुना दिला का, एवढे असावे. ‘काल रात्री’ असे न लिहिता ‘मंगळवार, रात्री ११.४५’ असे लिहावे.

आता महत्त्वाचे. त्याच प्रश्नांची यादी, लक्षणांचा रकाना ‘काही नाही’ असा भरून, त्याच घरांतील आणि शेजारच्या घरांतील निरोगी माणसांचीही करावी. लोक यावर वैतागतात. ‘आम्हाला काही झाले नाही, मग आम्हाला का विचारता?’ हे आमच्या ताईंना निदान दहा दारांत ऐकावे लागले. ही वही एकाच माणसाकडे राहावी, तिची छायाचित्रे ग्रुपवर फिरू नयेत आणि ग्रुपवर नावाऐवजी केवळ विंगनिहाय संख्या सांगावी.

लक्षणांचे घड्याळ

तास लिहून घेण्याचे कारण असे की प्रत्येक जंतूला माणूस आजारी पाडायला लागणारा वेळ साधारण ठरलेला असतो. जेवणानंतर एक ते सहा तासांत जोराच्या उलट्या सुरू झाल्या आणि ताप नसेल, तर अन्नात आधीच तयार झालेल्या विषाचा संशय घ्यावा. हे विष हाताच्या किंवा नाकाच्या संसर्गातून दुधाच्या मिठाईत वाढणाऱ्या स्टॅफिलोकॉकसचे असू शकते किंवा तासन्तास बाहेर राहिलेल्या भातातील बॅसिलस सेरियसचे. दोन्ही विषे उष्णतेला दाद देत नाहीत, त्यामुळे ‘पुन्हा गरम करून वाढले होते’ या बचावाला अर्थ नाही. आठ ते सोळा तासांनी पोटात कळा आणि जुलाब आले, उलट्या फारशा नसल्या, तर मोठ्या पातेल्यात शिजून हळूहळू थंड झालेले मटण किंवा डाळ आठवावी, कारण क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सला तसे वातावरण मानवते. साल्मोनेलाला बहुधा १२ ते ३६ तास लागतात आणि सोबत ताप असतो. नोरोव्हायरसला १२ ते ४८ तास, रक्त व आव पाडणाऱ्या शिगेलाला सर्वसाधारणपणे एक ते तीन दिवस, तर कॉलऱ्याला काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत कितीही वेळ लागू शकतो. कॉलऱ्याचे जुलाब तांदळाच्या पेजेसारखे दिसतात.

माणूस नेहमी शेवटच्या जेवणाला दोष देतो. वरील आकडे पाहिले तर तो बऱ्याचदा चुकतो, हे लक्षात येईल.

कावीळ आणि विषमज्वर यांचे गणित वेगळे आहे. विषमज्वराला साधारण एक ते तीन आठवडे, हिपॅटायटिस ए ला १५ ते ५० दिवस आणि हिपॅटायटिस ई ला दोन ते आठ आठवडे लागतात. त्यामुळे आज काविळीचे पाच रुग्ण दिसत असतील तर आजचे पाणी तपासून थांबू नये. मागील दोन महिन्यांत पाणीपुरवठ्याचा शटडाऊन कधी होता, गढूळ पाण्याची तक्रार कधी आली, रस्ता कधी खणला गेला आणि टाकी कधी धुतली, हे संस्थेच्या तक्रारवहीतून आणि जुन्या संदेशांतून शोधावे. १९५५-५६ मध्ये दिल्लीत सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळून सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. त्या साथीमागे हिपॅटायटिस ई होता, हे पुढे अनेक वर्षांनी सिद्ध झाले. गर्भवती स्त्रियांना, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, हा आजार जिवावर बेतू शकतो, म्हणून काविळीच्या पहिल्याच बातमीला आवारातील गर्भवतींना सावध करावे.

वेळा हाती आल्या की चौकटीच्या कागदावर आडव्या रेषेवर तास किंवा दिवस घालून एका रुग्णाला एक चौकट रंगवावी. टेकडी झपकन वर जाऊन झपकन खाली आली तर एकाच जेवणाकडे बोट जाते. चौकटी आठवडाभर पसरत राहिल्या तर उगम अजून चालू आहे आणि तो बहुधा पाण्यात आहे.

संशय जेवणावर असेल तर

समजा, संस्थेच्या वर्धापनदिनाला ८४ जण जेवले आणि ३१ आजारी पडले. केवळ आजाऱ्यांना विचारले तर ३१ पैकी ३० जणांनी बटाट्याची भाजी आणि २९ जणांनी बासुंदी खाल्ली होती असे कळते, म्हणजे भाजीच जास्त दोषी दिसते. आता सर्व ८४ जणांना विचारा. भाजी ८१ जणांनी खाल्ली, त्यांपैकी ३० आजारी पडले, म्हणजे ३७ टक्के. न खाणाऱ्या तिघांपैकी एक आजारी पडला, म्हणजे ३३ टक्के. फरक जवळजवळ नाहीच. बासुंदी ५२ जणांनी खाल्ली, त्यांपैकी २९ आजारी, म्हणजे ५६ टक्के; न खाणाऱ्या ३२ पैकी केवळ दोघे आजारी, म्हणजे सहा टक्के. बासुंदी खाणाऱ्यांना धोका सुमारे नऊ पट होता. भाजी निर्दोष ठरली ती केवळ निरोगी माणसांच्या उत्तरांमुळे.

बासुंदी न खाताही आजारी पडलेल्या त्या दोघांना यादीतून वगळू नये. एखाद्याने मुलाच्या वाटीतला घोट घेतलेला असतो, एखाद्या वेळी वाढायचा चमचा तोच असतो, तर एखादा खरोखरच वेगळ्या कारणाने आजारी असतो. प्रत्येक पदार्थाचा, पिण्याच्या पाण्याचा आणि सरबतातल्या बर्फाचा असा हिशोब वेगवेगळा करावा. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम २०१८ पासून आहे, तेव्हा बर्फाचा रंग कोणी पाहिला होता का, हेही विचारावे.

उरलेले अन्न फेकू नये आणि पातेली घासू नयेत. आपल्याकडे पाहुणे उठताच स्वयंपाकघर लख्ख करण्याची जी घाई असते ती अशा वेळी नडते. संशयित पदार्थ साधारण २०० ग्रॅम, उकळून कोरड्या केलेल्या डब्यात, झाकण पक्के लावून, नाव-तारीख-वेळ लिहून फ्रिजमध्ये ठेवावा. फ्रीझरमध्ये मात्र नको, कारण गोठवल्याने काही जंतू मरतात आणि अहवाल फसवा येतो.

संशय पाण्यावर असेल तर

आपल्या नळाला पाणी कुठून येते हे बहुतेकांना माहीत नसते. ठाणे शहराला महापालिकेची स्वतःची योजना, स्टेम पाणीपुरवठा प्राधिकरण, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा चार मार्गांनी पाणी मिळते. नवी मुंबई महापालिका मोरबे धरणाचे पाणी भोकरपाडा येथे शुद्ध करून आणते, तर काही पट्ट्यांत एमआयडीसीमार्फत बारवी धरणाचे पाणी येते. उलवे आणि द्रोणागिरीकडे हेटवणे धरणाचे. शेजारच्या सोसायटीची वाहिनी आपलीच आहे का, हे विभाग कार्यालयातील पाणीपुरवठा कर्मचाऱ्याकडून किंवा परिसरातल्या व्हॉल्व्हमनकडून कळते, आणि माझ्या अनुभवाने व्हॉल्व्हमनला नकाशापेक्षा जास्त माहिती असते.

मग आवाराचा साधा नकाशा काढून त्यावर रुग्णांचे ठिपके द्यावेत. ठिपके एकाच विंगमध्ये असतील तर त्या विंगची टाकी किंवा उभा पाइप पाहावा. साऱ्या विंगना जमिनीखालची टाकी एकच असेल आणि ठिपके सगळीकडे असतील, तर ती टाकी व मीटरपासून टाकीपर्यंतची जोडणी पाहावी. शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांतही रुग्ण असतील तर दोष रस्त्यावरच्या जलवाहिनीत असण्याची शक्यता मोठी. लंडनमध्ये १८५४ साली जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवतीचे कॉलऱ्याचे मृत्यू नकाशावर मांडले, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण त्यांचा संशय पक्का होण्यात त्याच रस्त्यावरच्या मद्यनिर्मितीच्या कारखान्यातील, पंपाचे पाणी न पिणारे आणि म्हणूनच वाचलेले कामगारही कारणीभूत होते.

पाणी ठरावीक वेळच येते, हे आपल्याकडचे मूळ दुखणे आहे. वाहिनी रिकामी झाली की आतला दाब जातो आणि फुटक्या सांध्यातून आजूबाजूचे सांडपाणी आत ओढले जाते. कोणी थेट वाहिनीवर टुल्लू पंप लावला असेल तर ही ओढ आणखी वाढते. म्हणून शटडाऊननंतर येणारे पहिले पाणी टाकीत न घेता सोडून द्यावे.

तपासणी वाहिनीच्या क्रमाने करावी : आधी मीटरजवळचा नळ, नंतर जमिनीखालची टाकी, नंतर गच्चीवरची टाकी, शेवटी रुग्णाच्या घरातला नळ. प्रत्येक ठिकाणी उरलेला क्लोरीन पाहावा. आरोग्य कर्मचारी याला ‘ओटी टेस्ट’ म्हणतात : नळीतल्या पाण्यात ऑर्थोटोलिडिन या रसायनाचे थेंब टाकल्याबरोबर जो पिवळा रंग चढतो तो पहिल्या दहा सेकंदांत रंगपट्टीशी जुळवायचा असतो. हे रसायन अंगावर उडू देऊ नये. घरगुती वापरासाठी डीपीडी या क्लोरीन मोजण्याच्या गोळ्यांचा संच अधिक बरा. पिण्याच्या पाण्यात नळाशी निदान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन असावा आणि साथीच्या काळात ०.५ असावा, असा दंडक आहे. मीटरजवळ रंग चढला आणि गच्चीवरच्या टाकीत नाही चढला, तर दोष आपल्या आवारात आहे हे प्रयोगशाळेच्या अहवालाआधीच कळते. घरगुती प्युरिफायरमधून आलेल्या पाण्यावर ही चाचणी करू नये, कारण त्यातला कार्बन क्लोरीन काढूनच टाकतो.

जंतूंच्या तपासणीचा नमुना मात्र प्रयोगशाळेच्या निर्जंतुक बाटलीतच घ्यावा. नळ दोन-तीन मिनिटे वाहू द्यावा, बाटलीच्या तोंडाला बोट लावू नये, आतली पूड धुऊ नये (ती क्लोरीनचा परिणाम थांबवण्यासाठी असते) आणि बाटली बर्फासोबत त्याच दिवशी पोचवावी. १०० मिलीलिटर पाण्यात ई-कोलाय अजिबात आढळता कामा नये. आणखी एक : नमुने घेण्यापूर्वी टाकीत टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करण्याची ब्लीचिंग पावडर) ओतू नये. मी ओतणारच होतो. ताईंनी पिशवी हातातून घेतली. नमुने भरले की लगेच शुद्धीकरण सुरू करावे, आणि तोवर सर्वांनी पाणी उकळूनच प्यावे.

रुग्णाच्या शौचाचा नमुना प्रतिजैविके सुरू होण्यापूर्वी घेतला तर उपयोगी ठरतो. हे काम आरोग्य कर्मचाऱ्यांचे आहे. आपण डॉक्टरांना एवढेच विचारावे की नमुना गेला आहे का.

कुठे आणि कसे कळवावे

पहिली सूचना जवळच्या महापालिकेच्या आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांना, फोनने आणि त्याच दिवशी लेखी द्यावी. प्रत महापालिकेच्या वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांना द्यावी. पाण्याचा संशय असेल तर नवी मुंबईत विभाग कार्यालयाच्या आणि ठाण्यात प्रभाग समितीच्या पाणीपुरवठा विभागालाही द्यावी. विकत घेतलेल्या किंवा केटररने वाढलेल्या अन्नाचा संशय असेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ या निःशुल्क क्रमांकावर तक्रार करावी आणि बिलावरचा चौदा अंकी परवाना क्रमांक सांगावा. अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांनी घेतलेल्या नमुन्यावर अन्न विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यावा, अशी २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तरतूद आहे. असुरक्षित अन्नामुळे इजा किंवा मृत्यू झाल्यास भरपाईची तरतूदही त्याच कायद्यात आहे, पण ती मागताना डॉक्टरांचे कागद, बिल आणि आपली यादी हाताशी लागते.

पत्र लांबलचक नको. आमच्या दुसऱ्या पत्राचा मजकूर असा होता : ‘दिनांक अमुकपासून आमच्या संस्थेच्या बी विंगमधील २४ सदनिकांत जुलाब-उलट्यांचे ११ रुग्ण आढळले असून त्यांपैकी दोन रुग्णालयात दाखल आहेत. स्वतंत्र टाकी असलेल्या ए विंगमध्ये एकही रुग्ण नाही. बी विंगच्या टाकीत क्लोरीन आढळला नाही; मीटरजवळ आढळला. यादी सोबत जोडली आहे. पाणी व रुग्णांचे नमुने घेण्याची व्यवस्था व्हावी.’ पहिल्या पत्रात मी ‘परिसरात अस्वच्छतेचे साम्राज्य पसरले आहे’ असे लिहिले होते आणि त्याला उत्तर आले नव्हते. दुसऱ्यानंतर दुपारीच पथक आले. पत्राची पोच आवक क्रमांक आणि तारखेसह घ्यावी.

ही सूचना पुढे एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात जाते. २००४ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमात आरोग्य सेविका लक्षणांवरून ‘एस’, डॉक्टर संभाव्य निदानावरून ‘पी’ आणि प्रयोगशाळा ‘एल’ असे तीन नमुन्यांचे अर्ज भरतात. आता ते संगणकीय प्रणालीवर भरले जातात. खासगी दवाखान्यातला रुग्ण या नोंदीत येईलच असे नसते, आणि आपल्या शहरांत बहुतेक लोक आधी खासगी डॉक्टरांकडेच जातात. म्हणून आपल्या भागातील दोन-तीन डॉक्टरांना भेटून ‘असे रुग्ण वाढले आहेत का, आणि आपण कळवले आहे का’ असे नम्रपणे विचारणे हाही या कामाचा भाग आहे.

वही कधी बंद करावी

टाकी उपसून, धुऊन, चीर बुजवून आणि चेंबर दुरुस्त करून झाल्यावर लागोपाठचे दोन नमुने निर्दोष येईपर्यंत पाणी उकळणे थांबवू नये. रोगाचा जास्तीत जास्त अधिशयन काळ (जंतू शरीरात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ) धरून त्याच्या दुप्पट दिवस नवा रुग्ण आला नाही तर साथ संपली असे मानण्याची रीत आहे; कॉलऱ्यासाठी ते दहा दिवस होतात, हिपॅटायटिस ई साठी जवळजवळ चार महिने. या दिवसांत रोज नोंद करावी. शासकीय कागदांत ‘काही नाही’ याला ‘निरंक’ म्हणतात, तो शब्द ताईंनी शेवटच्या रुग्णानंतर दहा दिवस रोज, तारीख घालून, प्रत्येक मजल्यावर विचारून लिहिला आहे, कारण ओळ कोरी राहिली असती तर त्या दिवशी रुग्ण नव्हता की कोणी विचारलेच नाही, हे नंतर कोणालाही सांगता आले नसते.